रेघेच्या अलीकडे

थांबा असं सांगणारी पाटी लाल असते आणि तिला आठ कोन असतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर पुस्तक वाचून कळलं. पाट्या मी त्याआधी पाहिल्याच नव्हत्या असं नाही. सिडकोत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक आहे. तिच्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, खाली भाजीचा हातगाडा असतो, आणि गल्लीतल्या बायका पत्ता सांगताना "लाल पाटीपासून आत या" असं सांगतात. म्हणजे पाटीचा उपयोग होता. तिथं गाडी थांबवायची असते, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

गाडी शिकायची वेळ माझ्यावर डोळ्यांमुळे आली. डोळे माझे नाही, ह्यांचे.

ह्यांना मधलं दिसेनासं झालं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. कडेचं सगळं दिसतं, मधोमध मात्र एक राखाडी डाग बसलेला असतो, आणि जिकडे बघावं तिकडे तो आधी पोचतो. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, आहे ते बहुतेक टिकेल, आणि गाडी चालवायची नाही. ह्यांनी पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य केल्या. तिसरी मान्य करायला शेजारच्यांचं तुळशीवृंदावन खर्ची पडलं. त्यानंतर त्यांनी गाडीची किल्ली स्वतःच देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि त्या विषयावर बोलणं बंद केलं.

तेव्हापासून ह्यांना माझ्याकडे बघायचं असलं की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. कॅलेंडरवर नजर ठेवली की बाजूला मी दिसते. थेट माझ्याकडे बघितलं की मी नाहीशी होते. सुरुवातीला मला हे फार चमत्कारिक वाटलं. मग आठवलं, की लग्न होऊन मी नवीन आले तेव्हाही ते मला बघायचं असलं की भिंतीकडेच बघायचे, कारण घरात मोठी माणसं असायची. त्यामुळे सवय व्हायला जड गेलं नाही.

खरी अडचण पाचोडची होती. पाचोडजवळ ह्यांची मोसंबीची बाग आहे. बाग चुलतदीर बघतात आणि चांगली बघतात, त्यामुळे ह्यांना तिथं काडीचंही काम नसतं. तरीही नोकरीत असताना आणि निवृत्त झाल्यावरही, दर आठवड्याच्या बाजाराला हे गाडी काढून पाचोडला जात. हात पाठीमागे बांधून झाडांतून हिंडत, एखादं फळ न तोडता नुसतंच दाबून बघत, दिरांकडे चहा घेत, बाजारात चार लोकांना भेटत आणि संध्याकाळी घरी येत. आल्यावर मला सगळं सांगत. कुठल्या झाडाला बहर आला, कोण भेटलं, कुणाची म्हैस कितीला गेली. मी अर्धं ऐकत असे. माझं अर्धं लक्ष शाळेच्या कामात असायचं.

गाडी उभी राहिल्यावर एकदा ते एसटीने निघाले. बसवरची पाटी वाचता येत नव्हती आणि कुणाला विचारायचं नव्हतं. पाचोडऐवजी जालन्याला जाऊन आले. त्यानंतर मी पाचोडचं नाव काढलं की "काय ठेवलंय तिथं?" असं म्हणायचे. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि संध्याकाळी सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसायचं. घरात इतकी शांतता झाली की मला ती सोसेना. मला वाटायचं, आता कुणाची म्हैस कितीला गेली हे मी पूर्ण ऐकलं असतं.

त्यात मुलाचा पुण्याहून फोन आला. "आई, गाडी नुसती उभी राहून खराब होतेय. इथे एक गिऱ्हाईक आहे. दिवाळीला येतो तेव्हा घेऊन जातो."

मी म्हणाले, "मी शिकते."

मला वाटलं रेंज गेली. मग तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत लायसन्स आलं तर ठेव मग."

त्याला खात्री होती की येणार नाही. मलाही साधारण तेच वाटत होतं, पण ते त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.

मी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवते. आयुष्यभर पाय मशीनवर आणि हात चाकावर ठेवून काम केल्यामुळे मला गाडीची भीती अशी वाटली नाही. शिकाऊ परवान्याची परीक्षा मी एका फटक्यात पास झाले. पाट्यांचे अर्थ पाठ होते. पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं, की थांबा या पाटीपाशी पांढऱ्या रेघेच्या अलीकडे गाडी पूर्णपणे थांबवावी, दोन्ही बाजूंना पाहावं आणि मग निघावं. मला त्यात अवघड काही दिसलं नाही.

अवघड काय ते गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं. हे मास्तर माझ्याहून बरेच लहान, पण अख्ख्या शहराला आपणच रस्त्यावर आणलं असल्यासारखे थकलेले असायचे.

"मॅडम, परेशान नका होऊ," ते म्हणाले. "स्टॉपच्या रेघेपाशी थांबल्यासारखं करायचं."

"थांबल्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे सायबाला वाटलं पायजे थांबली, अन् मागच्याला वाटलं पायजे चालू हाय. पूरी थांबली तर मागचा येऊन ठोकतो ना."

"पण पुस्तकात तर पूर्ण थांबवा लिहिलंय."

"पुस्तकाला मागून कोन ठोकतं, मॅडम?" मास्तर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी मास्तरांचं ऐकलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे आणि ते खरं आहे. पक्क्या परवान्याच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले ते मास्तरांमुळे नाही. मी देवामुळे नापास झाले.

परीक्षेचं मैदान मोठं होतं. वळणं आखलेली होती, एक चढ होता आणि शेवटी लाल पाटी आणि जमिनीवर जाड पांढरी रेघ. तपासणारे साहेब माझ्या शेजारी बसले. वयस्कर, शांत, मांडीवर रुमाल पसरलेला. मी वळणं घेतली. चढावर गाडी मागे जाऊ दिली नाही. मग लाल पाटी आली. मी ब्रेक दाबत आणला, गाडी हळू झाली, अगदी रेघेच्या अलीकडे ती आता थांबणार, तेवढ्यात पाटीशेजारचं कडुलिंबाचं झाड दिसलं आणि त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड.

इथं आमच्या घरची पद्धत सांगायला हवी. ह्यांच्या गाडीत देवाला नमस्कार चालत्या गाडीतून होतो. देऊळ असो, दर्गा असो, पारावरचा दगड असो, ह्यांचा एक हात स्टीअरिंगवरून सुटतो, छातीला लागतो, कपाळाला लागतो आणि परत जागेवर जातो. गाडीचा वेग तसूभरही कमी होत नाही. शेजारी बसून मीही इतकी वर्षं तेच करत आले. पुढे पुढे माझा हात देवळाच्या आधीच उठायला लागला. आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांत असंच असतं. देवासाठी कुणी गाडी थांबवत नाही, आणि देवही ते मनावर घेत नसावा.

तर माझा हात उठला. छातीला लागला, कपाळाला लागला. हाताबरोबर पायही सैल झाला. एवढ्यात गाडीने रेघ ओलांडली आणि पुढचं चाक पलीकडे जाऊन सावकाश उभं राहिलं.

साहेबांनी रुमालाची घडी घातली. "मॅडम," ते म्हणाले, "देवाचं लक्ष सगळीकडं असतं. मला एक रेघच बघायची असते."

मी म्हणाले, "थांबले होते मी."

"थांबत होता. थांबला नव्हता. चाक फिरतंय तोवर ते चालणंच असतं. परत या तुम्ही."

त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं, तरी मी रागावले. घरी येईपर्यंत त्या दगडावर, लिंबावर, साहेबांच्या रुमालावर आणि ह्यांच्या पद्धतीवर आळीपाळीने रागावून झालं. घरी आले तेव्हा हे गॅलरीतच होते.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

मी सांगितलं. हे बराच वेळ समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले, म्हणजे माझ्याकडे बघत राहिले.

"कोणचा देव व्हता?" त्यांनी विचारलं.

"मी बघितलं नाही नीट. शेंदूर होता."

"मारुती असंल," ते म्हणाले, आणि हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळे पुसायला लागले. किल्ली खिळ्याला अडकवल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. मला अजून राग आलेला होता, म्हणून मी आत जाऊन कुकर लावला. पण कुकर लावताना मला फार बरं वाटत होतं.

जेवताना ते म्हणाले, "उद्यापासून मी बसतो बाजूला."

कायद्याने शिकाऊ माणसाच्या शेजारी परवाना असलेला माणूस लागतो. ह्यांच्याकडे परवाना होता आणि त्याची मुदत संपायची होती. त्या माणसाला दिसलं पाहिजे असं कायद्यात लिहिलंय का, हे मी मुद्दाम शोधलं नाही.

सराव करायला आम्ही सकाळी उजाडताच छावणीत जायचो. शहरात थांबायला शिकायचं तर छावणीसारखी जागा नाही. तिथं लष्कराची शिस्त आहे, रस्त्याला झाडं आहेत, पाट्या धुतलेल्या असतात आणि लोक खरंच थांबतात. जो माणूस छावणीबाहेर लाल दिव्याला भीक घालत नाही, तोच छावणीत शिरला की पाटी नसतानाही थांबतो. हे शेजारी ताठ बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर आणि नजर थेट समोरच्या काचेवर. रस्ता तपासत असल्यासारखे. मला त्याचा मनस्ताप व्हायचा. दिसत नाही हे दोघांनाही माहीत असताना एवढं टक लावून बघायचं काय कारण, असं वाटायचं. पण पुरुषांना शेजारच्या सीटवर बसवलं की त्यांना रस्ता बघावाच लागतो, अशी मी समजूत करून घेतली.

आणि सूचना तर चालूच असायच्या. "मान पुढं काढू नको. गाडी मानेनं चालत नाय." "खांदे खाली घे." "पदर खोच नीट, गियरमधी जाईल." मला वाटायचं, तीस वर्षं गाडी चालवल्यावर माणसाला हे न बघताही कळत असेल.

थांबणं मात्र त्यांनी मला पाठीने शिकवलं. पहिल्याच दिवशी छावणीतल्या पाटीपाशी मी गाडी उभी केली आणि म्हणाले, "थांबली."

"नाय थांबली."

"अहो, थांबली. मला दिसतंय ना."

"तुला दिसतंय, मला कळतंय. पाठ टेकव सीटला. गाडी थांबाया लागली का आपल्याला पुढं नेती. मंग एक बारीक धक्का देऊन मागं टेकवती. मागं टेकवलं का थांबली. तोवर नाय."

मी पुन्हा केलं. पाठ टेकवली आणि वाट बघितली. अंग पुढे गेलं, आणि मग खरंच एक बारीक झोका येऊन मागे टेकलं. त्यानंतर गाडीत काहीच हलत नव्हतं. आरशाला बांधलेली काळी बाहुलीसुद्धा गप्प लटकत होती.

"आता थांबली," हे म्हणाले.

मला तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली आठवल्या. उशीचा अभ्रा शिवताना कोपरा आला की मुली घाई करतात. मशीन चालू असतानाच कापड वळवतात आणि कोपरा गोल येतो. वर्षानुवर्षं मी एकच वाक्य सांगत आले, की कोपऱ्यावर सुई कापडात उतरवून थांब, मग कापड दाबणारी पट्टी उचल, मग वळव. सुई आत असली की कापड कुठं जात नाही. मी मनातल्या मनात गाडीची सुई खाली उतरवली आणि डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मला इतकी वर्षं जे येत होतं तेच करायचं होतं, हे कळल्यावर मी थोडी वैतागलेच. मास्तरांची फी भरून झाली होती.

छावणीत थांबता यायला लागल्यावर मी छावणीबाहेरही थांबायला लागले, आणि तिथून पुढे त्रास सुरू झाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, त्याच लाल पाटीपाशी, मी एका सकाळी गाडी पूर्ण थांबवली. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला. मी डावीकडे बघितलं. रिक्षाने आणखी हॉर्न दिला. मी उजवीकडे बघेपर्यंत रिक्षावाला उतरून खिडकीशी आला.

"क्या हुआ मौसी? बंद पडली काय?"

"नाही. चालू आहे."

"पेट्रोल?"

"भरपूर आहे."

"मग?"

मी पाटी दाखवली. त्याने पाटीकडे बघितलं. जाहिरातींच्या मधून जेवढा लाल रंग दिसत होता तेवढा त्याने नीट बघितला. तेवढ्यात भाजीवाला हातगाडा सोडून आला, दुधाची पिशवी घेऊन चाललेले एक शेजारी आले, आणि मला काही बोलायला वाव मिळण्याआधीच त्या दोघांनी गाडीच्या मागे हात लावले. आमच्या भागात रस्त्यात थांबलेल्या गाडीला धक्का देणं हे कर्तव्य मानलं जातं. विचारत कुणी नाही. मी ब्रेक दाबून धरला होता, त्यामुळे गाडी हलेना. "गियरमधी हाय, गियर काढा काकू," असं मागून ओरडणं सुरू झालं.

हे समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "काहून थांबली तू इथं? इथं कुणी थांबत असतं व्हय?"

"छावणीत तुम्हीच शिकवलंत ना."

"छावणीत शिकवलं. छावणीतच थांबायचं."

मी गाडी सुरू करून निघाले. मागे दोघं एकदम मोकळे पडले आणि "झाली, झाली चालू," असं समाधानाने म्हणाले. घरी आल्यावर मी ह्यांना बजावलं, की मला परीक्षेपुरतं वेगळं आणि रोजचं वेगळं असं जमणार नाही. मशीनवर मी परीक्षेचा कोपरा एक आणि घरचा कोपरा एक असं कधी केलेलं नाही. थांबायचं तर सगळीकडे थांबणार. त्यानंतर त्या पाटीपाशी आम्ही आलो की हे खिडकीची काच खाली करून हात बाहेर काढायचे आणि मागच्यांना म्हणायचे, "बंद नाय पडली. पाटी हाय." पुढे पुढे गल्लीतली पोरंसुद्धा आमची गाडी दिसली की "पाटी हाय" म्हणायला लागली.

नमस्कार मात्र ह्यांनी सोडला नाही. दिसत नसलं तरी रस्ता पाठ होता, त्यामुळे देवळाची जागा अंदाजाने साधायचे. एकदा देऊळ चुकून पंक्चरच्या दुकानाला नमस्कार झाला. मला मात्र त्यांनी सक्त सांगितलं होतं, "तू हात नाय सोडायचा. तुझा बी मी करीन." त्यामुळे प्रत्येक देवळापाशी ते हात दोनदा कपाळाला लावत.

दुसरी परीक्षा दिवाळीच्या अगदी तोंडावर आली. ही हुकली असती तर पुढची तारीख सणानंतरची होती, आणि सणात मुलगा येणार होता. ही गाडी गेली तर ह्यांचं पाचोड कायमचं गेलं, हे मला माहीत होतं. मुलगा वाईट नाही. त्याने टॅक्सी करून दिली असती, दर आठवड्याला पैसेही पाठवले असते. पण अनोळखी ड्रायव्हरला ताटकळत ठेवून हे झाडांतून हिंडले नसते. एकदा गेले असते, दोनदा गेले असते आणि मग "काय ठेवलंय तिथं" म्हणाले असते. रात्री मला झोप आली नाही, आणि सकाळी मी मुद्दाम नेहमीसारखं उपीट केलं.

साहेब तेच होते. रुमालही तोच असावा. त्यांनी मला ओळखलं की नाही कळलं नाही. वळणं झाली, चढ झाला. लाल पाटी आली, लिंब आला, दगड आला. कुणीतरी त्या दिवशी नवा शेंदूर लावलेला होता. माझ्या दोन्ही हातांनी स्टीअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. ब्रेक दाबला. अंग पुढे गेलं. मी वाट बघितली. अंग मागे टेकलं. सुई खाली उतरली.

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मैदानात एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं. ते जाईपर्यंत मी थांबले.

"चला," साहेब म्हणाले.

"कुत्रं जाऊ द्या," मी म्हणाले.

कुत्रं खाली बसलं. साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. त्यांना हसू आलं होतं की घाम, ते मी बघितलं नाही, कारण माझी नजर रस्त्यावर होती. शेवटी कुत्र्याला वळसा घालून मी गाडी नेली. उतरताना साहेब एवढंच म्हणाले, "दगडाकडं बघितलंसुद्धा नाही आज."

"घरचे करतात माझा," मी म्हणाले.

परवाना आला. मी मुलाला फोन केला. तो "अरे वा" म्हणाला, आणि मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं असं विचारलं. मी सांगितलं, पाटी आहे म्हणून सांग. त्याला ते कळलं नाही.

दिवाळीनंतरच्या बाजाराला आम्ही पाचोडला निघालो. बीड बायपास, मग मोठा रस्ता, आडूळ, आणि पुढे पाचोड. ट्रक जवळून जायचे तेव्हा मी श्वास रोखून बसायचे. हे सांगत होते, "आता उतार येईल. आता डाव्या हाताला पेट्रोलपंप." पंप यायचा. बागेपाशी उतरल्यावर हे आधी नुसते उभे राहिले. मग हात पाठीमागे बांधून झाडांत शिरले. एका झाडापाशी थांबून त्यांनी फळ शोधायला हात पुढे केला, तो आधी रिकाम्या हवेत गेला, मग पानांना लागला, मग फळाला. त्यांनी ते दाबून बघितलं. चुलतदिरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं. चहा झाला. बाजार झाला. म्हशींची चौकशी झाली.

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. बागेची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथं मला लाल पाटी दिसली. गंजलेली, एका बाजूला कललेली, अर्ध्यावर वेल चढलेला. रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. मी गाडी थांबवली. अंग मागे टेकलं.

"काहून थांबली?" ह्यांनी विचारलं.

"पाटी आहे."

"इथं? इथं कुठली पाटी? कधी लावली?"

पाटी किती जुनी आहे हे गंजावरून दिसतच होतं. माझा दिवसभराचा ताण होता, खांदे दुखत होते, आणि मी बोलून गेले. "चांगले डोळे होते तेव्हाही तुम्ही ती बघितली नाही. आणि आता येताना-जाताना समोर टक लावून बसता. काय दिसतं हो तुम्हाला समोर?"

बोलले आणि लगेच मला वाईट वाटलं. गाडीत काहीच हलत नव्हतं.

"समोर काय दिसणार," हे म्हणाले. त्यांची नजर काचेवरून हलली नाही. "समोर डाग हाय."

"मग बघता कशाला?"

"समोर बघितलं का तू दिसती," ते म्हणाले. "घरात तू सारखी उठती, ह्या खोलीतून त्या खोलीत. इथं एका जागी बसती. छावणीत जायचो तवापासून बघतोय. मान पुढं काढती, खांदे वर घेती. आत्ता पदर सुटलाय."

मी पदर खोचला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. रस्ता मोकळाच होता. मागे मोसंबी भरलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला आणि त्याने हॉर्न दिला.

ह्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि समोर बघत मागच्याला सांगितलं, "पाटी हाय."

मी पाय ब्रेकवर ठेवला आणि आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिले.